'विरघळणे' या क्रियापदाची कक्षा : बहुवारिके आणि कार्बनकण यांविषयीच्या लेखनाचे एक भाषिक परीक्षण

१

शास्त्रीय लेखनातील विधाने खरी की खोटी, हे ठरविण्याचे काम त्या त्या शास्त्राचे आहे. परंतु ती विधाने ज्या शब्दांत केली जातात ते शब्द नेमके काय सांगतात, आणि न सांगता काय सुचवून जातात, हे पाहण्याचे काम भाषाभ्यासकाचेही आहे. विशेषतः एखादे शास्त्र तरुण असते, त्याची परिभाषा पुरती गोठलेली नसते आणि जुन्या घरातून आणलेले शब्द नव्या घरात वावरू लागलेले असतात, अशा वेळी हे परीक्षण उपयुक्त ठरते. प्रस्तुत लेखात अशाच एका क्षेत्राचा विचार करावयाचा आहे. कार्बनचे अब्जांश कण, म्हणजे फुलरीन, कार्बननलिका, ग्रॅफीनचे पापुद्रे इत्यादी, आणि बहुवारिकांच्या लांब साखळ्या एकाच द्रवात आल्या असता काय घडते, हा या क्षेत्राचा विषय. गेल्या तीन दशकांत त्यावर विपुल लेखन झाले आहे. त्या लेखनात तीन शब्द पुन्हा पुन्हा येतात : विद्राव, वेढणे आणि आकर्षण. हे तिन्ही शब्द वाचकाच्या मनात एकेक चित्र उभे करतात. आणि आमच्या मते तिन्ही चित्रे अर्धवट आहेत. मराठीत हे शास्त्र आणताना तीच चित्रे तशीच उचलावयाची की काय, हा प्रश्न त्यातून उद्भवतो.

२

प्रथम 'विरघळणे' हे क्रियापद घेऊ. मराठीत ते अकर्मक आहे. साखर विरघळते, मीठ विरघळते. विरघळविणारा कोणी असलाच पाहिजे असे नाही. चमच्याने ढवळले तर काम लवकर होते, इतकेच. ढवळले नाही तरी कालांतराने तेच होणार असते. उलट पीठ आपण 'कालवतो', हळद 'मिसळतो', माती 'खळबळतो'. या क्रियापदांना कर्ता लागतो, आणि कर्त्याने हात आवरला की थोड्या वेळाने तळाशी साका बसतो. बोलीने केलेला हा भेद वरवरचा नाही. जे आपण होऊन घडते आणि जे घडवून आणावे लागते, यांतील जो भेद ऊष्मागतिकी गणिताने सांगते, तोच येथे क्रियापदांच्या वाटणीत ढोबळपणे उतरला आहे.

आता कार्बननलिकांकडे वळू. सुमिओ इजिमा यांनी १९९१ मध्ये बहुभित्ती नलिकांचे वर्णन प्रसिद्ध केले. एकभित्ती नलिकांचे वर्णन १९९३ मध्ये झाले. एकभित्ती नलिकेचा व्यास साधारण एक नॅनोमीटर, म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग, आणि लांबी त्याच्या शेकडो किंवा हजारो पट असते. अशा दोन नलिका अंगाला अंग लावून पडल्या की त्यांच्यातील बंधनऊर्जा दर मायक्रोमीटर लांबीस सुमारे ५०० इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकी भरते. नेहमीच्या तापमानाला रेणूंच्या चळवळीतून मिळणारी ऊर्जा सुमारे ०.०२५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. या दोन आकड्यांची तुलना केली म्हणजे नलिकांच्या जुड्या पाण्यात आपण होऊन का सुटत नाहीत हे निराळे सांगावे लागत नाही. साखरेच्या बाबतीत मिसळण्याने वाढणारी एंट्रॉपी मदतीला येते. परंतु नलिका इतकी लांब आणि ताठ असते की दर अणूमागे एंट्रॉपीचा हा लाभ नगण्य ठरतो.

या अडचणीवर बहुवारिकांचा उपाय शोधण्यात आला. अमेरिकेतील राइस विद्यापीठात रिचर्ड स्मॉली यांच्या गटाने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेला निबंध या बाबतीत पायाभूत मानला जातो. पॉलिव्हिनिल पायरोलिडोन आणि पॉलिस्टायरीन सल्फोनेट ही बहुवारिके एकभित्ती नलिकांशी जोडली जातात आणि मग नलिका पाण्यात राहतात, असे त्यात दाखविले होते. निबंधाच्या शीर्षकातच पाण्यात विद्राव्य करणे आणि बहुवारिकाने गुंडाळणे या दोन्ही कल्पना होत्या, आणि पुढच्या लेखनाची भाषा बऱ्याच अंशी याच शीर्षकाने घडविली.

मूळ निबंधावर अन्याय होऊ नये म्हणून येथेच सांगितले पाहिजे की, लेखकांनी 'विद्राव्य' हा शब्द नुसताच वापरलेला नाही. बहुवारिक नलिकेला धरून राहण्यामागे ऊष्मागतिकीय कारण काय असावे याची चर्चा त्यांनी केली आहे. द्रव बदलला असता हे वेष्टण सुटते, हेही दाखविले आहे. परंतु पुढच्या लेखकांनी त्यातील शब्द उचलला, चर्चा मात्र मागे राहिली. हळूहळू असा परिपाठ पडला की श्राव्यातीत ध्वनीने जुड्या फोडाव्यात, केंद्रोत्सारण करून गाळ काढून टाकावा, आणि वर उरलेल्या काळ्या, डोळ्यांना एकजीव दिसणाऱ्या द्रवास 'विद्राव' म्हणावे. येथे या शब्दाचा अर्थ 'समतोल अवस्था' असा न राहता 'आज गाळ दिसत नाही' एवढाच उरतो.

श्राव्यातीत ध्वनी लागला म्हणून अवस्था असमतोल ठरते, असेही म्हणता येणार नाही. चमच्याप्रमाणे तोही केवळ अडथळा ओलांडावयास लावणारा असू शकेल. प्रश्न असा आहे की, हात आवरल्यावर काय होते. द्रव पातळ केला असता काय होते. आणि एकदा वाळलेला पदार्थ पुन्हा त्याच द्रवात आपण होऊन परततो काय. ज्या लेखनात या तीन प्रश्नांची उत्तरे नाहीत, तेथे 'विद्राव' हा शब्द निष्कर्ष म्हणून नव्हे, तर आशा म्हणून वापरलेला आहे असे समजावे.

या क्षेत्रातील जाणत्यांना ही अडचण जाणवली नाही असे मुळीच नाही. राइस विद्यापीठातीलच मात्तेओ पास्क्वाली आणि त्यांचे सहकारी यांच्या २००९ मधील निबंधाच्या शीर्षकात 'खरे विद्राव' असा शब्दप्रयोग आहे. क्लोरोसल्फॉनिक अम्लात नलिका आपण होऊन सुट्या होतात आणि संहती वाढविली असता द्रव-स्फटिक अवस्थाही निर्माण होते, असे त्यात दाखविले आहे. येथे बहुवारिक नाही, ध्वनीचा मारा नाही. अकर्मक 'विरघळणे' येथे पूर्ण अर्थाने लागू पडते. परंतु भाषिक दृष्टीने लक्षणीय आहे ते 'खरे' हे विशेषण. नामाला 'खरे' म्हणण्याची पाळी केव्हा येते? बाजारात 'शुद्ध तूप' अशी पाटी लावावी लागते, कारण नुसत्या 'तूप' या शब्दावरचा विश्वास उडालेला असतो. 'खरे विद्राव' हे शीर्षक म्हणजे आधीच्या आठ-दहा वर्षांच्या शब्दवापरावर त्याच शास्त्राने केलेली टीकाच होय.

फुलरीनच्या उदाहरणाने हा भेद आणखी स्पष्ट होतो. १९८५ मध्ये क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांनी शोधलेला साठ कार्बन अणूंचा हा गोल रेणू टोल्युइनमध्ये दर मिलिलिटरला सुमारे ३ मिलिग्रॅम इतका, रेणू-रेणू सुटा होऊन विरघळतो. हा विद्राव जांभळा दिसतो आणि त्याला कोणत्याही विशेषणाची गरज भासत नाही. पाण्यात मात्र हाच पदार्थ अनेक रेणूंच्या गोळ्यांच्या रूपाने तरंगत राहतो. दोन्ही बाटल्यांवर 'फुलरीनचा विद्राव' अशीच चिठ्ठी लावणे ही भाषेची काटकसर नव्हे, दारिद्र्य होय.

३

कार्बनचे सूक्ष्म कण आणि एखादे बहुवारिक यांना पाण्यात एकत्र नांदविण्याची कला मात्र मुळीच नवी नाही. बोरू आणि दऊत ज्यांच्या हाती होती त्या सर्वांना ती ठाऊक होती. दिव्याचे काजळ धरावे, ते डिंकाच्या पाण्यात दीर्घकाळ घोटावे आणि शाई करावी, ही पोथ्या लिहिणाऱ्यांची रीत होती. नुसते काजळ पाण्यात टाकले तर ते वर तरंगते किंवा गोळा होते. डिंकाबरोबर घोटले म्हणजे लेखणीतून उतरते. चीनमध्ये डिंकाऐवजी प्राण्यांपासून काढलेला सरस वापरीत. 'शाई' हा शब्द फारसीतून आला व त्याचा मूळ अर्थ 'काळेपणा'. म्हणजे या शब्दाने रंग टिपला. काजळ टिपले नाही आणि डिंकही टिपला नाही. जो घटक सर्व काम करतो त्याचे नाव शब्दात नसावे, हे पुढे घडणाऱ्या गोष्टीचे जणू पूर्वचिन्हच होते.

टॉमस ग्रॅहॅम यांनी १८६१ मध्ये इंग्रजीत 'कोलॉइड' हा शब्द घडविला तो ग्रीक भाषेतील सरसाच्या नावावरून. मराठीत त्यासाठी रूढ झालेला 'कलिल' हा शब्द संस्कृत आहे; दाट, गुंतागुंतीचे, मिसळलेले असा त्याचा अर्थ, आणि भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात तो मोहाच्या संदर्भात आलेला आहे. ध्वनिसाम्य साधून अर्थही बराचसा जुळावा असा हा दुर्मिळ योग आहे. रिशार्ड झिगमाँडी यांनी १९०१ मध्ये 'सुवर्णांक' ही कल्पना मांडली. मीठ घातले असता सोन्याच्या कलिलाचा तांबडा रंग निळा होऊ नये म्हणून जिलेटिनसारखा पदार्थ किती लागतो, याचे ते माप होते. अशा पदार्थांस 'संरक्षक कलिल' म्हणत. हा जुना शब्द नम्र होता : पदार्थ संरक्षण करतो एवढेच तो सांगे, कसे करतो याविषयी मौन पाळी.

'वेढणे' किंवा 'गुंडाळणे' हा नवा शब्द मात्र मौन पाळीत नाही. तो यंत्रणाच सांगून टाकतो. वाचकाच्या डोळ्यांपुढे काठीवर सुतळी गुंडाळावी तसे चित्र उभे राहते आणि इतर शक्यता विचारातून निसटतात. प्रत्यक्षात या एका शब्दाखाली किमान तीन निरनिराळ्या क्रिया वावरत आहेत.

पहिली, शब्दशः वेढण्याची. २००३ मध्ये मिंग झेंग व सहकाऱ्यांनी एकपदरी डीएनएच्या साह्याने नलिका पाण्यात विखुरल्या आणि त्यांचे वर्गीकरणही केले. तेथे लवचीक साखळीचे आधारक नलिकेच्या भिंतीला बिलगतात आणि साखळी मळसूत्राप्रमाणे फिरत जाते, असे चित्र मांडले गेले. त्या चित्राला 'वेटोळे घालणे' हा मराठी शब्दप्रयोग नेमका बसतो.

दुसरी, अंगालगत पडून राहण्याची. पॉलिफ्लुओरीनसारखी बहुवारिके ताठ असतात. एक नॅनोमीटर व्यासाच्या दांड्याभोवती त्यांना वळविणे ऊर्जेच्या दृष्टीने महाग पडते. त्यांचा कल नलिकेच्या लांबीच्या दिशेने पडून राहण्याकडे असतो. ऑक्सफर्ड येथील निकोलस यांच्या गटाने २००७ मध्ये दाखविले की, अशी बहुवारिके काही विशिष्ट रचनेच्या नलिकाच निवडून विखुरतात. सुतळी काठीची निवड करीत नाही. म्हणून सुतळीची उपमा येथे केवळ अपुरी नव्हे, तर अडथळा आणणारी आहे.

तिसरी क्रिया सर्वांत बोधप्रद आहे. इस्राएलमधील बेन-गुरिऑन विद्यापीठातील राखेल येरुशाल्मी-रोझेन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये बाभळीच्या कुळातील झाडाचा डिंक वापरून नलिका पाण्यात एकेकट्या राखल्या. म्हणजे पोथ्यांची शाई एका अर्थी प्रयोगशाळेत परतली. या गटाच्या पुढील लेखनात अशी भूमिका घेतली गेली की, येथे काही वेढले जाण्याची गरज नाही. साखळीचा एखादा भाग नलिकेवर हलकेच टेकतो, उरलेला भाग पाण्यात मोकळा डुलत राहतो. दोन नलिका जवळ आल्या की या मोकळ्या भागांची दाटी होते, त्यांचे स्वातंत्र्य कमी होते, आणि एंट्रॉपीचा हा तोटा नलिकांना दूर ठेवतो. काम करणारा भाग जो चिकटला तो नव्हे. जो चिकटला नाही तो होय. 'वेढणे' हा शब्द नेमका याच भागाला अदृश्य करतो.

चौथा एक मुद्दा प्रमाणाचा आहे. पाण्यात सैल गुंडाळी होऊन राहणाऱ्या साखळीचा विस्तार अनेकदा नलिकेच्या व्यासाच्या कितीतरी पट असतो. मग भिंत कोणती आणि तिच्यावर बसणारे कोण? सपाट पृष्ठभागासाठी रचलेली भाषा येथे अपुरी पडते. कर्ता आणि कर्म यांची अदलाबदल केली तरी वाक्य तितकेच अर्थपूर्ण राहावे, अशी ही परिस्थिती आहे.

४

तिसरा शब्द 'आकर्षण'. बहुवारिक घातले म्हणजे कण सुटे राहतात, असा समज वरील विवेचनावरून होईल. पण तो एकांगी ठरेल. बहुवारिक कणावर मुळीच बसत नसेल तर काय होते, याचे उत्तर जपानमधील असाकुरा आणि ओसावा यांनी १९५४ मध्येच दिले होते. दोन कण इतके जवळ आले की मधल्या फटीत साखळीची गुंडाळी मावत नाही, तर फटीत बहुवारिक राहत नाही. बाहेर मात्र असते. बाहेरचा परासरणी दाब अधिक पडतो आणि कण एकमेकांकडे ढकलले जातात. यास 'आकर्षण' म्हणण्याची रूढी आहे. वस्तुतः येथे कोणी कोणाला आकर्षित करीत नाही. गर्दीत दोन माणसे भिंतीशी एकत्र लोटली जावीत, तसा हा प्रकार आहे. त्यांचा परस्परस्नेह त्यावरून सिद्ध होत नाही.

याखेरीज साखळी फार लांब आणि प्रमाणाने थोडी असली, तर तिचे एक टोक एका कणावर आणि दुसरे दुसऱ्या कणावर बसते व सर्वांचा पुंजका होऊन तो खाली बसतो. ही क्रियाही आपल्या घरात ओळखीची आहे. गढूळ पाण्याच्या माठात निवळीचे बी उगाळून घालण्याची जुनी पद्धत होती. त्या बियांतील बहुशर्करा आणि प्रथिने मातीच्या कणांना एकत्र आणतात आणि पाणी निवळते. डिंकाचा उपयोग काजळ सुटे ठेवण्यासाठी, निवळीचा उपयोग माती एकत्र करण्यासाठी. एका बाजूला कार्बन आणि दुसऱ्या बाजूला माती असली, तरी दोन्हीकडे काम करणारा पदार्थ लांब साखळ्यांचाच आहे. तेव्हा 'बहुवारिक हे विखुरणारे द्रव्य होय' हे विधान स्वभाववर्णन म्हणून चुकीचे आहे. बहुवारिक कणावर बसते की नाही, किती बसते, द्रव त्याला मानवतो की नाही आणि साखळी किती लांब आहे, यांवर ते मित्र की शत्रू हे ठरते. व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे तर, ही भूमिका धातूच्या अर्थात नसून प्रयोगात आहे.

५

एवढा शब्दच्छल कशासाठी, असे एखादा रसायनशास्त्रज्ञ विचारील. समीकरणे बरोबर असली म्हणजे शब्दांचे काय एवढे, असाही युक्तिवाद होतो. परंतु कोणते समीकरण लावावयाचे हे शब्दच ठरवितात. 'विद्राव' म्हटले की समतोलाचे समीकरण हाती येते, 'कलिल' म्हटले की स्थैर्याच्या कालावधीचा प्रश्न उभा राहतो.

याचे मोल किती असू शकते याचे एक नोंदलेले उदाहरण आहे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पाण्यातील फुलरीनमुळे लार्जमाउथ बास या माशाच्या पिल्लांच्या मेंदूत ऑक्सिडीकरणाचा ताण आढळला असे म्हटले होते. त्या निष्कर्षाचा बराच गाजावाजा झाला. ते पाणी तयार करताना टेट्राहायड्रोफ्यूरान हा मध्यस्थ विद्रावक वापरला होता. २००७ मध्ये झीब्राफिशच्या पिल्लांवरील अभ्यासात असे दिसले की, अशा रीतीने केलेल्या द्रवाचा विषारी परिणाम फुलरीनपेक्षा त्या विद्रावकाच्या विघटनातून निघालेल्या द्रव्यांना लावला पाहिजे. 'पाण्यातील फुलरीन' या दोन शब्दांत तयारीचा सर्व इतिहास झाकला गेला होता. कण एकटे होते की गोळ्यांत, त्यांच्या सोबत आणखी काय होते, हे नावाने विचारू दिले नाही. नलिकांचा औषधवहनासाठी विचार होतो तेथे तर हा प्रश्न अधिकच गंभीर आहे. बाटलीत बहुवारिकाच्या आश्रयाने सुटी राहिलेली नलिका रक्तात शिरून पातळ झाल्यावर, प्रथिनांच्या गर्दीत, तशीच राहील याची हमी 'विद्राव्य' हा शब्द देऊ शकत नाही. पण दिल्यासारखे भासवितो.

६

मराठीपुरते बोलावयाचे तर आपल्यापुढे एक संधी आहे. शब्द अजून पक्के झालेले नाहीत. 'बहुवारिक' हाच शब्द पाहा. मूळ ग्रीक घटकांचा अर्थ 'अनेक भाग'. मराठी शब्दात 'वार' म्हणजे खेप, आवृत्ती. एकच घटक पुन्हा पुन्हा येऊन साखळी होते, ही कल्पना मराठी शब्दात मुळापेक्षाही स्वच्छ उतरली आहे. परिभाषा परकी कल्पना आणताना ती सुधारूही शकते, याचे हे उदाहरण होय.

त्याच धोरणाने आम्ही पुढील सूचना करतो. 'विद्राव' आणि अकर्मक 'विरघळणे' हे शब्द समतोल अवस्थेसाठीच राखून ठेवावेत. बहुवारिकाच्या आश्रयाने सुट्या राखलेल्या कणांसाठी 'विखुरण' हा साधा शब्द वापरावा आणि क्रियापद सकर्मक ठेवावे : नलिका विखुरत नाहीत, विखुरल्या जातात. 'निलंबन' या शब्दाचा मोह टाळावा. वृत्तपत्रांनी त्याला कचेरीतील अर्थ पुरता चिकटविला आहे. 'वेढणे' या एका शब्दाऐवजी पुराव्याप्रमाणे 'वेटोळे घालणे', 'अंगालगत बसणे' आणि 'टेकून राहणे' असे तीन प्रयोग करावेत. पुरावा नसेल तेथे 'आश्रय देणे' एवढेच म्हणावे. रिक्त फटीमुळे होणाऱ्या परिणामास 'आकर्षण' न म्हणता 'लोटण' म्हणावे. हे शब्द पंडिती नाहीत, म्हणून ते शास्त्रीय नाहीत असे कोणी समजू नये. शास्त्रीयता शब्दाच्या तत्समपणात नसून त्याच्या मर्यादा ठरलेल्या असण्यात आहे.

या सूचनांनी प्रश्न सुटेल असे आम्ही मानीत नाही. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात कतकाचा, म्हणजे निवळीचाच, एक दृष्टान्त आहे : त्याचे फळ पाणी स्वच्छ करते खरे, पण त्याचे नुसते नाव घेतल्याने पाणी निवळत नाही. परिभाषेचेही तसेच आहे. 'विखुरण' म्हटल्याने कोणी द्रव पातळ करून पाहणार नाही, की वाळवून पुन्हा भिजविणार नाही. ते हाताने करावे लागेल. परंतु चुकीचा शब्द मात्र ते करण्याची गरजच नाही असे वाटावयास लावतो. आमच्या विद्यार्थ्यांपैकी जे शास्त्रीय मराठीचा अभ्यास करतात त्यांनी यापुढे एखाद्या निबंधात 'विद्राव' हा शब्द आला की त्याखाली रेघ ओढावी, आणि त्या वाक्यापाशी ती तीन परीक्षांची उत्तरे आहेत किंवा नाहीत ते शोधावे. उत्तरे असतील तर शब्द राहू द्यावा. नसतील तर तो बदलावा, आणि बदलण्याचे कारण समासात लिहून ठेवावे.